मदत हवी आहे: ब्रिटिश लष्करी वाहनांच्या संदर्भपुस्तकांची पुनर्मुद्रणं, कोणती घ्यावी, कोणती टाळावी?

घाटपायथा

नमस्कार मंडळी,

विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे लष्करी इतिहासवाले आणि जुन्या पुस्तकांचे किडे दोन्ही आहेत, म्हणून विचारतोय.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. आत्याच्या बिस्किटांच्या डब्यात त्यांचा एक फोटो सापडला. पोस्टकार्डापेक्षा लहान, कडा पिवळ्या पडलेल्या. एका ट्रकच्या फुटबोर्डावर एक पाय ठेवून उभे आहेत. मागे शाईने 'दिमापूर, १९४४'. बस, एवढंच. ट्रक कुठला ते घरात कुणालाच ठाऊक नाही, आणि आजोबा बर्माच्या रस्त्याबद्दल 'चिखल होता' याच्या पलीकडे कधी बोलले नाहीत.

लहानपणी नगरच्या रणगाडा संग्रहालयात चर्चिल आणि मटिल्डा पाहिल्यापासून हा किडा डोक्यात आहेच, त्यात आता हा फोटो. नेटवर शोधून मी ठरवलं की हा बेडफर्ड क्यूएल असणार. पुढचं नाक आखूड, तीन टनी, तेव्हा ब्रिटिश सैन्यात सगळीकडे होता. मग क्यूएलच्या युद्धकालीन हस्तपुस्तिकेचं पुनर्मुद्रण मागवलं. विक्रेत्याने 'हुबेहूब प्रत' लिहिलं होतं. तीन आठवड्यांनी पार्सल आलं, उघडलं आणि कपाळावर हात मारला. फोटो म्हणजे शाईचे डाग. चाकं आणि सावली यांत फरकच कळत नाही. वंगणाचा मोठा तक्ता मूळ पुस्तकात घडीचा असणार, तो इथे दोन पानांत चिरलाय आणि मधली पट्टी शिवणीत गेलीय. पाठीचा डिंक दुसऱ्यांदा उघडताच तडकला.

तर प्रश्न असे:
१. असलं पुनर्मुद्रण घेण्याआधी कसं ओळखायचं?
२. एका गाडीचं हस्तपुस्तक घ्यावं की सगळ्या गाड्यांची एकत्र सूची?
३. मूळ प्रती परवडत नाहीत. मधला मार्ग आहे का?

रद्दीवाला_रसिक

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. वाहनांतलं मला फार कळत नाही, छपाईतलं कळतं. हयात छापखान्यात गेली.

फोटो काळे का आले? मूळ पुस्तकात फोटो बारीक ठिपक्यांच्या जाळीतून छापलेला असतो. तो छापील फोटो पुन्हा स्कॅन करून पुन्हा जाळीत टाकला की जाळीवर जाळी बसते. सावल्या भरतात, नाहीतर कापडासारखी नक्षी उमटते. मूळ निगेटिव्हवरून छापलं असेल तरच फोटो सुधारतो, आणि स्वस्त छापणारा त्या भानगडीत पडत नाही. रेघांच्या आकृत्या मात्र बऱ्याच तग धरतात. म्हणून विक्रेत्याकडे नमुन्याचं पान मागताना फोटोचं मागा. आकृतीचं पान दाखवून तो तुम्हाला गंडवेल.

छपाईचं साल काढायची सोपी खूण म्हणजे आयएसबीएन, पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. ही पद्धत १९७० ची, ब्रिटनमध्ये तिचा आधीचा अवतार १९६७ चा. म्हणजे '१९४३' लिहिलेल्या पुस्तकावर आयएसबीएन दिसला की पुनर्मुद्रण, वाद संपला. तो १३ आकडी असेल तर ती छपाई साधारण २००७ ची किंवा नंतरची, कारण १३ आकडे तेव्हापासून सक्तीचे. शेवटच्या कोऱ्या पानाच्या तळाशी बारकोड आणि छपाईची तारीख असेल तर मागणीनुसार एकेक प्रत छापलेली. ती दर वेळी वाईटच असते असं नाही, पण पाठ डिंकाचीच असणार.

डिझेलचा_धूर

एवढी पुनर्मुद्रणं निघतात त्यामागे कायदा आहे. ब्रिटिश सरकारी प्रकाशनांवर 'क्राउन कॉपीराइट' असतो आणि छापून प्रसिद्ध झालेल्या मजकुरावरचा तो ५० वर्षांनी संपतो. १९४४ चं हस्तपुस्तक १९९४ अखेर मोकळं झालं. त्यानंतर ज्याच्याकडे एक प्रत आणि एक स्कॅनर, तो प्रकाशक! त्याआधी सरकारी छापखाना, म्हणजे एचएमएसओ, स्वतः काही जुनी कागदपत्रं पुन्हा काढत असे. १९८३ मध्ये बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियमबरोबर त्यांनी चर्चिल रणगाड्यावरचं असं पुस्तक काढलं होतं. ऐंशीच्या दशकातली ही सरकारी पुनर्मुद्रणं जुन्या बाजारात दिसली तर डोळे झाकून घ्या. तुमच्या तिसऱ्या प्रश्नातला मधला मार्ग तोच.

दुसऱ्या प्रश्नाला माझं सरळ उत्तर: गाडी नक्की माहीत नसताना हस्तपुस्तक घेणं म्हणजे आजार कळायच्या आधी औषध आणणं. आधी सूची. बार्ट व्हॅन्डरव्हीन यांची महायुद्धकालीन वाहनांची 'ऑब्झर्व्हर्स' मालिकेतली निर्देशिका १९६९ ला आली, सुधारित आवृत्ती १९७२ ला. मग १९८९ ला 'आफ्टर द बॅटल' या प्रकाशकाने ती 'हिस्टॉरिक मिलिटरी व्हेइकल्स डिरेक्टरी' या नावाने मोठ्या आकारात पुन्हा काढली. शक्य असेल तर १९८९ ची घ्या. जुनी खिशात मावते, पण चाळिशीनंतर त्यातले फोटो बघायला भिंग लागतं.

आणि एक शंका. फोटोत समोरच्या काचेचा कल कसा आहे?

घाटपायथा

@डिझेलचा_धूर कल म्हणजे?

डिझेलचा_धूर

क्यूएलची काच जवळजवळ सरळ उभी असते. काचेची वरची कड पुढे आणि खालची कड आत, म्हणजे नेहमीच्या उलट कललेली असेल, तर ती बेडफर्ड नाहीच. ती 'कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न', म्हणजे सीएमपी. ब्रिटिश सैन्याच्या मागणीनुसार कॅनडात फोर्ड आणि शेवरोलेने बनवलेली. ती काच अशी ठेवली ती ऊन परावर्तित होऊन वरच्या विमानाला चमक दिसू नये म्हणून. भारतात या गाड्या खंडीने आल्या. त्यांच्याच सांगाड्यावर टाटानगरला चिलखती गाड्याही बांधल्या गेल्या.

मोजपट्टी

काचेवर विसंबू नका, मोजून बघा. गाडी बरोबर बाजूने दिसतेय का? तिरकी असेल तर हा उद्योग सोडून द्या.

सीएमपीच्या दोन आसांतलं अंतर ठरलेलं होतं: १५ हंड्रेडवेटच्या (वजनाचं ब्रिटिश माप, वीसचा एक टन) गाडीला साधारण १०१ इंच, ३० ला १३४, आणि तीन टनी लांब सांगाड्याला १५८. तीन टनीचा टायर १०.५०-२० मापाचा, म्हणजे उभा व्यास अंदाजे ४१-४२ इंच. फोटोत टायरची उंची आणि दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्रैराशिक मांडा. टायर चिखलात रुतला असेल तर वरचा अर्धा मोजून दुप्पट करा.

यावरून पुनर्मुद्रणाबद्दल एक सांगतो. बऱ्याच प्रकाशकांनी पानं लहान करून छापलीत, त्यामुळे आकृतीवर पट्टी ठेवून मापं काढू नका. आकृतीत लिहिलेले आकडेच धरा. मी एकदा पट्टी लावून मॉडेल बनवलं आणि ट्रकची जीप झाली.

सुभेदारांची_नात

दारावर किंवा बॉनेटच्या बाजूला नंबर आहे का? ब्रिटिश पद्धतीत पहिलं अक्षर गाडीचा प्रकार सांगायचं: 'एल' म्हणजे लॉरी, 'झेड' हलका ट्रक, 'एच' तोफ ओढणारा ट्रॅक्टर, 'एम' मोटार, 'ए' रुग्णवाहिका, 'टी' रणगाडे आणि साखळीच्या कॅरिअर गाड्या.

आणि काका (काका म्हटलं तर चालेल ना?), फोटो आधी ६०० च्या वर डीपीआयला स्कॅन करा. मूळ फोटोवर पट्टी घासू नका प्लीज.

घाटपायथा

चालेल, केस गेलेत आता.

सगळ्यांचे आभार. काल रात्री स्कॅन करून बसलो. बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली.

काच उलटीच कललेली आहे! इतके दिवस मी तिला फोटोची सुरकुती समजत होतो. दारावर 'एल' स्पष्ट दिसतंय, पुढचे आकडे आजोबांच्या गुडघ्यामागे. मागचं चाक चिखलात आहे, म्हणून पुढचं मोजलं. टायर २१ मिमी, दोन चाकांतलं अंतर ८० मिमी. टायर ४१.५ इंच धरला तर १५८ येतात. @मोजपट्टी, दंडवत.

म्हणजे क्यूएलचं हस्तपुस्तक हकनाक घेतलं. वंगणाच्या चिरलेल्या तक्त्यासकट कुणाला हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फक्त टपालखर्च द्या.

आता अडलंय ते फोर्ड की शेवरोले यावर. नावाची पट्टी रेडिएटरच्या जाळीवर असते असं वाचलं, पण फोटो बाजूचा, जाळी दिसतच नाही. बाजूने बघून ओळखायची काही खूण?

डिझेलचा_धूर

कॅब दोघांनाही तीच, त्यामुळे बाजूने कठीण आहे. इंजिनं वेगळी होती, फोर्डचं व्ही-८ आणि शेवरोलेचं सरळ सहा सिलिंडरचं, पण तीन टनी गाडीचं बॉनेट उघडलेला दुसरा फोटो आत्याच्या डब्यात निघाला तरच उपयोग. डबा पुन्हा उपसा. तोवर कुठलंच हस्तपुस्तक मागवू नका.

घाटपायथा

रविवारी आत्याकडे जातोय. १९८९ ची निर्देशिका मात्र आजच मागवली. विक्रेत्याने फोटोच्या पानाचा नमुना पाठवला, त्यात चाकांचे नटबोल्ट मोजता येतात.