पालिका शाळेतलं ध्वजवंदन : मुस्लिम मुलांना काय बंधनकारक, काय नाही?

प्रश्न (शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, कुर्ला)
आमच्या पालिका शाळेत मुस्लिम मुलं बरीच आहेत. १५ ऑगस्टच्या बैठकीत पालकांनी विचारलं की ध्वजस्तंभाला हळदकुंकू, नारळ, सरस्वतीच्या फोटोपुढे हात जोडणं आणि वंदे मातरम् हे सगळं मुलांनी करायलाच हवं का? झेंडा आणि राष्ट्रगीताला कुणाची हरकत नाही. पीटीचे सर म्हणतात, एकाला सूट दिली की शिस्त गेली. नियम काय आहे?

उत्तर १ (निवृत्त मुख्याध्यापिका, दादर)
दादा, ध्वजवंदन आणि पूजा आधी वेगळी करा. ध्वजसंहितेत शाळेसाठी क्रम दिलेला आहे. मुलं तीन बाजूंना, चौथ्या बाजूच्या मधोमध ध्वजस्तंभ. मुख्याध्यापक, विद्यार्थी प्रमुख आणि झेंडा फडकवणारी व्यक्ती स्तंभामागे तीन पावलांवर. झेंडा फडकला की सलामी, मग राष्ट्रगीत, तोवर सगळे सावधान. झेंड्यात फुलांच्या पाकळ्या बांधायला हरकत नाही, असंही त्यात आहे. नारळ, कुंकू, उदबत्ती यांचा उल्लेखसुद्धा नाही. ती आपल्याकडे चालत आलेली रीत आहे आणि ती वगळली तर ध्वजवंदनात तसूभरही उणीव राहत नाही.

एक बारकावा: संहितेतली ध्वजप्रतिज्ञा हात जोडून म्हणायची आहे. तिथे एखादं मूल अडलं तर ओढाताण करू नका. रोजची ‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा उजवा हात पुढे करून म्हणतात आणि तिच्यात देवाचं नाव नाही. ती सगळ्यांना मोकळेपणाने म्हणता येते.

उत्तर २ (वकील, वांद्रे)
शिस्तीचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच निकाली काढला आहे, बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य. यहोवाचे साक्षीदार पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढलं होतं. न्यायालयाने अनुच्छेद १९(१)(क) आणि २५(१) च्या आधारे त्यांना परत घ्यायला लावलं. १९७१ च्या राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं कलम ३ लागतं ते मुद्दाम राष्ट्रगीत बंद पाडणाऱ्याला किंवा त्यात गोंधळ घालणाऱ्याला. गप्प, ताठ उभं राहणं हा गुन्हा नव्हे.

पूजेबाबत अनुच्छेद २८(१) बघा: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. वंदे मातरम् बद्दल ‘वरून आदेश आहे’ एवढ्यावर थांबू नका. परिपत्रकाची तारखेसह प्रत मागा आणि त्यात ‘गावे’ आहे की ‘वाजवावे’, सक्ती कुणावर, हे शब्दन् शब्द वाचा. नागरिकांची मूलभूत कर्तव्यं सांगणाऱ्या अनुच्छेद ५१क(क) मध्ये ध्वज आणि राष्ट्रगीत (जन गण मन) आहे, राष्ट्रीय गीत (वंदे मातरम्) नाही.

उत्तर ३ (उर्दू माध्यमाची शिक्षिका, गोवंडी)
भाई, घोळ होतो तो माइकवरच्या सूचनेत. ‘ज्यांना म्हणायचं नाही त्यांनी मागे जा’ असं एकदा म्हटलं की दहा वर्षांचं पोर चारशे मुलांसमोर उघडं पडतं. तेच खरं नुकसान. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ मानसिक छळालाही मनाई करतं, हे पीटीच्या सरांना सांगा. सूचना एकच हवी, सगळ्यांना ‘सावधान!’. कोण गातंय, कोण नाही, हे ओठ बघत फिरून तपासू नका.

क्रम असा ठेवा: झेंडा, राष्ट्रगीत (५२ सेकंद), राज्यगीत (१ मिनिट ४१ सेकंद), मग संविधानाची उद्देशिका. सावधानमध्ये जाणारा वेळ तीन मिनिटांच्या आत बसतो. आणि मुलं गप्प राहिली की लगेच धर्माचं कारण शोधू नका, पुष्कळदा शब्दच येत नसतात. ‘उच्छल जलधितरंग’पाशी आवाज हमखास बसतो. राष्ट्रगीत उर्दू लिपीत फळ्यावर लिहून आठवडाभर रोज दोनदा म्हणून घ्या.

उत्तर २ (पुन्हा)
ताईंचा हा क्रम समितीच्या बैठकीत ठराव म्हणून मांडा, इतिवृत्तात नोंदवा आणि एक प्रत बीट ऑफिसरला (पालिकेच्या शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्याला) द्या. पीटीच्या सरांच्या हातात ती पहिल्या तालमीआधी पडली पाहिजे. १५ ऑगस्टला सकाळी मैदानावर वाद नको.