मदत हवी आहे : सोव्हिएत हिंसेचा दोष नास्तिकतेवर टाकता येतो का?

अभ्यासगटासाठी टिपण करतोय आणि एका जागी गाडं अडलंय. सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या (एनकेव्हीडी) ३० जुलै १९३७ च्या हुकूम क्रमांक ००४४७ मध्ये लक्ष्य ठरवलेल्यांत चर्चशी संबंधित माणसांचा उल्लेख आहे, म्हणजे धर्मद्वेष नव्हताच असं म्हणता येत नाही. पण त्याच हुकमाचा मुख्य रोख जुन्या कुलाकांवर, म्हणजे सधन ठरवलेल्या शेतकऱ्यांवर होता, आणि त्याच काळात कम्युनिस्ट पक्षातले कट्टर निरीश्वरवादीही गोळ्यांना बळी पडले. पुढे सप्टेंबर १९४३ मध्ये स्टालिनने बिशपांना बोलावून चर्चला पुन्हा पॅट्रिआर्क, म्हणजे आपला सर्वोच्च धर्मप्रमुख, निवडू दिला. विचारसरणी तीच, युद्धाची गरज नवी! मला हा पुरावा सर्वांत वजनदार वाटतो.

उलट बाजूलाही पेच तोच. युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध (१६१८-४८) धर्माचं म्हणावं, तर १६३५ मध्ये कॅथलिक फ्रान्स प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूने उघडपणे का उतरला?

हिंसेचं कारण, तिचं समर्थन आणि बळींची निवड या तीन गोष्टी वेगळ्या कशा तपासायच्या? श्रद्धा बहुधा तिसरीत जास्त दिसते. रशियन कागदपत्रं वाचणाऱ्यांनी कृपया सांगा : १९३७ च्या खटल्यांत पाद्र्यांवर नेमके कोणते आरोप ठेवले जात, धर्माचे की हेरगिरीचे?