सात-आठ वर्षांचा संगणक: भाग बदलावेत की नवा जुळवावा?

कर्वेनगरवासी (प्रश्न)

नमस्कार. माझा डेस्कटॉप २०१८ मध्ये टिळक रोडवरून सुटे भाग घेऊन जुळवलेला आहे. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी-३५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर-४ रॅम, ६ जीबीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक कार्ड, विंडोजसाठी एसएसडी आणि चित्रफितींसाठी मोठी हार्ड डिस्क, अशी त्याची मांडणी आहे. एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा करणारा भाग, ५५० वॅटचा असून त्या वेळी मुद्दाम चांगला पाहून घेतला होता. व्याख्याने आणि गाण्याच्या घरगुती बैठकी यांचे चित्रीकरण करून त्यांचे संपादन करणे हा माझा व्यवसाय आहे.

गेल्या दिवाळीपासून हा संगणक संपादन करताना फारच अडखळू लागला आहे. दोन कॅमेऱ्यांची दृश्ये टाइमलाइनवर एकाखाली एक ठेवली की चित्र थबकत थबकत सरकते आणि आवाज मात्र पुढे निघून जातो. तबल्याची थाप आधी ऐकू येते आणि वादकाचा हात नंतर पडतो. शिवाय हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, असा संदेशही येतो. एका दुकानदाराने सगळेच काढून टाकण्याचा सल्ला देऊन लाखाच्या वरचा अंदाज दिला, ज्यात रॅमचा वाटा पाहून मी चकित झालो. दुसऱ्याने केवळ रॅम दुप्पट करा, असे सांगितले. माझी तयारी पन्नास हजारांपर्यंत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुना_जुळारी

आपला मदरबोर्ड एएम-४ सॉकेटचा (एएमडी प्रोसेसर बसवण्याची खाच) आहे, ही आपल्या हातातील सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. एएमडीने २०२२ मध्ये ३०० मालिकेच्या चिपसेटवरही रायझन ५००० मालिका चालण्याची सोय केली, त्यामुळे बायोस (मदरबोर्डावरील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० किंवा आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स बसवता येतो. दोन्ही ६५ वॅटचे असल्यामुळे एसएमपीएस बदलावा लागत नाही, रॅम तीच राहते आणि विंडोज ११ ची अडचणही सुटते. मात्र मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या नेमक्या मॉडेलची प्रोसेसर-यादी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

क्रम महत्त्वाचा आहे. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस बदलावे लागते, कारण नवा प्रोसेसर जुन्या बायोसवर पडद्यावर काहीच दाखवणार नाही. काही बोर्डांना मधली एखादी आवृत्ती आधी टाकावी लागते. ते संकेतस्थळावरील टिपेत लिहिलेले असते आणि नेमके तेच कोणी वाचत नाही. हे काम यूपीएसवर करावे आणि गुरुवारी अजिबात करू नये. महावितरणची देखभालीची कामे पुण्यात त्याच दिवशी निघतात आणि बायोस अर्धवट लिहिले गेले तर बोर्ड निकामी होऊ शकतो. एएम-४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे तो हीटसिंकला चिकटून सॉकेटमधून उपटला जातो. म्हणून संगणक थोडा वेळ चालवून गरम करावा, मग बंद करून हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवावे आणि पेस्ट सुटल्यावरच उचलावे.

विंडोज ११ साठी बायोसमध्ये एफटीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी सुरू कराव्या लागतील. जुने विंडोज लेगसी, म्हणजे जुन्या बायोस-पद्धतीने टाकलेले असेल, तर डिस्कची मांडणी आधी जीपीटी या नव्या प्रकारात करावी लागते; त्यासाठी एमबीआर२जीपीटी नावाचे साधन विंडोजमध्येच असते. बॅकअप घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये.

बावधनचा_वारा

वरील सल्ला तांत्रिकदृष्ट्या बरोबर असला तरी मला पटत नाही. एएम-४ ची वाट पुढे बंद आहे. एनव्हीडियाने पास्कल पिढीच्या कार्डांसाठी, म्हणजे आपल्या १०६० साठी, नियमित ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले असून आता केवळ सुरक्षेपुरते बदल येतात. आज प्रोसेसर, उद्या कार्ड, परवा मदरबोर्ड असे हप्त्याहप्त्याने पैसे घालण्यापेक्षा एकदाच डीडीआर-५, म्हणजे पुढच्या पिढीच्या रॅमच्या संगणकावर जावे. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढले आहेत हे खरे. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी वळल्यामुळे आपल्यासारख्यांच्या वाट्याला महाग माल येतो आहे. तरीही व्यवसायाचे साधन आहे, थोडे कर्ज काढूनही घ्यावे.

फ्रेमपलीकडे

दोन्ही प्रतिसाद वाचले, परंतु मूळ प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. दिवाळीपर्यंत जो संगणक हेच काम करत होता, तो दिवाळीनंतर एकाएकी म्हातारा कसा झाला? आपण त्या सुमारास कॅमेरा बदलला का? बदलला असल्यास तो कोणत्या स्वरूपात चित्रण करतो, एच.२६४ की एच.२६५ (चित्र दाबून साठवण्याच्या पद्धती), आठ बिट की दहा बिट (रंगछटांची बारकाई), ४:२:० की ४:२:२ (रंगांची माहिती किती ठेवली जाते; ४:२:२ मध्ये ती जास्त), हे फाइलच्या माहितीत पाहून कळवावे. तसेच चित्र अडखळत असताना टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक कार्डाच्या रकान्यातील ‘व्हिडिओ डीकोड’ हे तीन आकडे पाहावेत. हे कळल्याशिवाय दिलेला प्रत्येक सल्ला, माझाही, हवेतलाच ठरेल.

कर्वेनगरवासी

आपला तर्क अचूक आहे. दिवाळीत दोन्ही कॅमेरे बदलले. फाइलमध्ये एच.२६५, दहा बिट, ४:२:२ असे दिसते; वेग सेकंदाला १०० मेगाबिट आहे. अडखळताना प्रोसेसर १०० टक्क्यांवर, मेमरी ११ जीबीच्या आसपास आणि व्हिडिओ डीकोड मात्र शून्यावर असतो. म्हणजे ग्राफिक कार्ड बिघडले आहे का?

फ्रेमपलीकडे

कार्ड बिघडलेले नाही. एच.२६५ चित्र फार दाबून साठवलेले असते आणि ते उलगडण्यासाठी ग्राफिक कार्डात स्वतंत्र मंडल असते. परंतु ते मंडल ठरावीक प्रकारच उलगडू शकते. पास्कल कार्ड दहा बिट ४:२:० सहज उलगडते, ४:२:२ मात्र त्याच्या क्षमतेबाहेर आहे. एनव्हीडियाने ती सोय थेट २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत दिली, त्यामुळे मधल्या काळातील महागडी कार्डेही येथे उपयोगी पडली नसती. कार्डाने हात वर केल्यावर सगळा भार प्रोसेसरवर येतो, आणि २०१७ च्या सहा कोअरच्या प्रोसेसरने दोन कॅमेऱ्यांचे ४के चित्र एकाच वेळी उलगडावे ही अपेक्षा जास्तच आहे. मेमरी ११ जीबीलाच थांबते, याचा अर्थ रॅम दुप्पट करण्याचा सल्ला येथे निरर्थक आहे. हार्ड डिस्कही निर्दोष आहे: १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी, दोन कॅमेरे धरले तरी एवढे वाचणे कोणत्याही डिस्कला जड नाही.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत दहा बिट कायम ठेवून ४:२:० निवडता येते. हिरव्या पडद्यासमोर चित्रण करून पार्श्वभूमी बदलायची असेल किंवा रंगांत मोठी उलथापालथ करायची असेल, तेव्हा ४:२:२ चा फायदा दिसतो. समईच्या उजेडात बसलेल्या गायिकेच्या शालूच्या काठांवर तो फरक प्रेक्षकाला ओळखता येणार नाही. पुढची एखादी बैठक या स्वरूपात चित्रित करावी आणि व्हिडिओ डीकोडचा आकडा हलतो का ते पाहावे. आधीच्या चित्रणासाठी प्रॉक्सी कराव्यात, म्हणजे हलक्या प्रतींवर संपादन करून शेवटी मूळ फाइल जोडावी. रात्री लावून ठेवल्या की सकाळपर्यंत तयार होतात.

खर्च करायचाच असेल, तर मी वरील दोन्ही मार्गांच्या मधला मार्ग घेईन. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांतील अंतर्गत ग्राफिक्स दहा बिट ४:२:२ चे एच.२६५ स्वतः उलगडते, आणि त्या पिढीसाठी डीडीआर-४ रॅम घेणारे बी-६६० किंवा बी-७६० चिपसेटचे बोर्ड निघाले आहेत. आय-५ १२४०० आणि असा एक बोर्ड घेतला की आपली सध्याची रॅम, एसएमपीएस, कॅबिनेट आणि कार्ड सगळे तसेच वापरता येते, आणि आजच्या रॅमच्या भावात ही बचत लहान नाही. विंडोज ११ लाही तो चालतो. मात्र दुकानात १२४००एफ पुढे केला जाईल, कारण तो स्वस्त असतो; ‘एफ’ म्हणजे अंतर्गत ग्राफिक्स नाही, आणि आपल्याला तर तेवढ्यासाठीच हा प्रोसेसर हवा आहे. बसवल्यावर १०६० कार्ड लावलेले असतानाही अंतर्गत ग्राफिक्स बायोसमधून सुरू ठेवावे लागते, अन्यथा सॉफ्टवेअरला ते दिसतच नाही.

जुना_जुळारी

कॅमेऱ्याचा मुद्दा माझ्या विचारात नव्हता. ४:२:२ च ठेवायचे असेल तर ५६०० पेक्षा १२४०० उजवा, हे मान्य आहे. दोन गोष्टी जोडतो. आपले विंडोज ओईएम, म्हणजे एकाच संगणकापुरत्या, परवान्याचे असेल, तर तो परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो आणि बोर्ड बदलल्यावर नवा घ्यावा लागू शकतो. ती रक्कम हिशेबात धरावी. रिटेल, म्हणजे सुटा विकत घेतलेला, परवाना असेल तर तो नव्या बोर्डावर नेता येतो. दुसरे, ४:२:० वर काम भागले तर माझा मूळ पर्याय अजूनही सर्वांत स्वस्त आहे, कारण त्यात केवळ एक प्रोसेसर विकत घ्यायचा आहे आणि अंतिम फाइल बाहेर काढण्याचा वेळही त्याने चांगलाच घटतो.

कर्वेनगरवासी

कॅमेऱ्यात ४:२:० चा पर्याय सापडला. घरातच दोन्ही कॅमेऱ्यांनी थोडे चित्रण करून पाहिले. व्हिडिओ डीकोड ३५ टक्क्यांपर्यंत चढतो, प्रोसेसर निम्म्यावर येतो आणि थाप व हात आता एकत्र पडतात. त्यामुळे लाखाचा अंदाज बाजूला ठेवला आहे. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीच संपली असली, तरी वाढीव सुरक्षा अद्यतनांसाठी नोंदणी केली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल. तोपर्यंत हिरव्या पडद्याचे काम मिळाले तर १२४००, नाही तर ५६००. आज बोर्डाची प्रोसेसर-यादी तपासली. ५६०० त्यात आहे आणि मधली आवृत्ती टाकण्याची टीपही आहे.

जुना_जुळारी

ती मधली आवृत्ती आजच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. जुन्या बोर्डांच्या फाइली कंपन्या संकेतस्थळावरून कधी काढून टाकतील याचा नेम नसतो.