अग्रिप्पाचं नाणं: ऑगस्टसचं की कॅलिगुलाचं?

मुक्काम_म्युनिक: मंडळी, इथल्या एका दुकानातून अग्रिप्पाचा (रोमन सम्राट ऑगस्टसचा सेनापती) 'ॲस', म्हणजे तांब्याचं रोमन नाणं, घेतलाय. वजन १०.८ ग्रॅम. एका बाजूला अग्रिप्पा, डोक्यावर जहाजांच्या चोचींचा (पुढच्या टोकांचा) मुकुट. दुसरीकडे समुद्रदेव नेपच्यून, हातात डॉल्फिन आणि त्रिशूळ. चिठ्ठीवर 'ऑगस्टस, इ.स.पू. २७' लिहिलंय, पण नेटवर सगळे नंतरचा सम्राट कॅलिगुला म्हणतात. आणि कडेला फिकट हिरवी भुकटी सुटतेय. आई म्हणते, चिंच लावून घास.

खणखणीत_नाणं: आईंना नमस्कार सांगा, पण चिंच नको! ॲस तांब्याचा असला तरी तो देवघरातला तांब्या नाही. वरचा गडद थर गेला की नाण्याची किंमतही गेली. भुकटी हा मात्र रोगच आहे, क्लोराइड आणि दमट हवेचा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, पाणी बदलत राहा, मग पूर्ण सुकवून सिलिका जेलच्या पुडीसोबत डबीत बंद करा.

आता काळ. नाण्यावर अग्रिप्पा 'तिसऱ्यांदा कॉन्सुल' असं कोरलंय, आणि ते निवडून मिळणारं सर्वोच्च रोमन पद त्याला तिसऱ्यांदा इ.स.पू. २७ मध्ये मिळालं. दुकानदाराने तेच साल उचललं. पण ती माणसाची ओळख झाली, टाकसाळीची तारीख नव्हे. अग्रिप्पा इ.स.पू. १२ मध्ये वारला. नाणी पाडली त्याच्या नातवाने, कॅलिगुलाने, इ.स. ३७ ते ४१ दरम्यान. काहीजण सुरुवात कॅलिगुलाच्या आधीच्या सम्राटापासून, टायबेरियसपासून धरतात, मला ते पटत नाही. कॅलिगुलाने आईवडिलांचीही नाणी काढली, त्याच रांगेत आजोबा चपखल बसतात.

शंकेखोर: पण रोमन चरित्रकार स्युटोनियस तर लिहितो की अग्रिप्पा हलक्या कुळातला म्हणून कॅलिगुलाला त्याचा नातू म्हणवून घ्यायची लाज वाटे?

खणखणीत_नाणं: लिहितो खरा. पण लाज वाटणारा माणूस आजोबांचा चेहरा बाजारात सगळ्यांच्या हाती देईल का? इथे मी नाण्याचं ऐकतो.

मुक्काम_म्युनिक: मग कॅलिगुलाच्या स्वतःच्या नाण्यांपेक्षा ही इतकी सहज का मिळतात?

खणखणीत_नाणं: एक तर भरपूर पाडली. शिवाय रोमन इतिहासकार डिओ सांगतो, इ.स. ४३ मध्ये सिनेटने कॅलिगुलाचा चेहरा असलेली तांब्यापितळेची नाणी वितळवायचा ठराव केला. आजोबांच्या नाण्यावर नातवाचं नावच नाही, म्हणून ते वाचलं. वितळलेल्या धातूचं काय झालं, तर पुढचा सम्राट क्लॉडियसच्या बायकोने, मेसालिनाने, त्यातून म्नेस्टर नावाच्या नटाचे पुतळे केले. तो नट कॅलिगुलाचाही लाडका होता!