ब्लॅकआउट : ‘अंधारी’ की ‘बेशुद्धी’?

प्रश्न : लढाऊ विमानाबद्दलच्या मजकुरात ‘वेगामुळे पायलटला ब्लॅकआउट झाला’ असं वाक्य आहे. ‘बेशुद्ध पडला’ असं भाषांतर चालेल का?

उत्तर १ : नाही चालणार. वैमानिकी परिभाषेत ब्लॅकआउट म्हणजे दिसायचं पूर्ण थांबतं, पण माणूस शुद्धीवर असतो, त्याला ऐकू येतं. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे : डोळ्यांपुढे अंधारी येणे. (युद्धकाळातला ब्लॅकआउट तो अंधारपट, तो वेगळा.)

कारणही समजून घ्या. जी म्हणजे शरीरावरचा भार नेहमीच्या वजनाच्या किती पट, ते मोजायचं एकक. हृदयापाशी रक्तदाब सरासरी १०० मिमी (पारा) धरू. डोळे त्याच्या साधारण ३० सेंमी वर, म्हणून दर जीमागे तिथला दाब सुमारे २२ मिमीने घटतो. ४ जीला उरतात १२. डोळ्याच्या आतलाच दाब १५च्या आसपास असतो, त्यामुळे दृष्टिपटलात रक्त शिरत नाही, मेंदूला मात्र अजून थोडं मिळत असतं. त्याआधी रंग विटतात, कडेचं दिसेनासं होतं, तो ग्रेआउट. त्याला ‘धुरकटणे’ म्हणावं.

उत्तर २ : ‘वेगामुळे’ही काढा. ताशी ९०० किमीने सरळ जाताना १ जीच असतो. त्याच वेगाने १ किमी त्रिज्येचं वळण घेतलं की सुमारे साडेसहा जी. तिथे ‘त्वरणामुळे’ हवं. ‘५ जी गुरुत्वाकर्षण’ हेही चूक. पृथ्वीचं आकर्षण वाढत नाही, ७५ किलोचा माणूस आसनावर ३७५ किलोंसारखा दाबला जातो. ‘५ जीचा भार’ लिहा.

उत्तर ३ : ‘अंधारी येऊन बेशुद्ध पडला’ हा क्रमही गृहीत धरू नका. डोळ्यांत आणि मेंदूत शिल्लक असलेला प्राणवायू ५ सेकंदांच्या आसपास पुरतो. भार एकदम चढून टिकला, तर अंधारीची सूचना न मिळताच शुद्ध हरपते.

प्रश्नकर्ता : आणि अंधारी टाळायला वैमानिक जे ‘स्ट्रेनिंग’ करतात, त्याला काय म्हणावं?

उत्तर १ : कुंथणे. संकोच नको, क्रिया तीच आहे. भार चढायच्या आधीच पाय, मांड्या, पोट आवळायचं, घसा बंद करून छातीत दाब धरायचा, दर ३ सेकंदांनी झटक्यात श्वास बदलायचा. श्वास बदलायला वेळ लागला किंवा मध्येच बोललं, की छातीतला दाब पडतो आणि अंधारी येते. जी-सूटने (पाय आणि पोट आवळणाऱ्या पोशाखाने) सहनशक्ती साधारण १ ते दीड जीनेच वाढते, बाकीचं काम कुंथण्याचं.

तुमचं वाक्य असं करा : ‘तीव्र वळणातल्या त्वरणामुळे वैमानिकाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.’