मदत हवी आहे: ग्रॅमीच्या बंद झालेल्या पुरस्कार-गटात तबलजीलाही विजेता धरत का?

मिरजेत सतारीचं छोटं प्रदर्शन लावतोय. मांडायला सतारवादक रविशंकर आणि व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ची एलपी मिळालीय, कव्हरचा कोपरा वाळवीने खाल्लाय, पण नावं वाचता येतात. तिला १९६८ साली ग्रॅमी मिळालं, ‘बेस्ट चेंबर म्युझिक परफॉर्मन्स’ (मोजक्या वादकांचं शास्त्रीय वादन) या गटात. २०११ च्या फेररचनेत एकूण गट १०९ वरून ७८ वर आले, त्यात हा गटही स्वतंत्र उरला नाही. इथवर माहीत आहे.

अडलंय ते तबल्यापाशी. विजेत्यांच्या यादीत रविशंकर आणि मेन्युहिन दोघंच, साथीला मात्र अल्लारखाँ आहेत. (मिरजेत तबलजीचं नाव गाळलं तर लोक दारातच अडवतील!) पाटी शुक्रवारी छापायला जाते, दोनच ओळी बसतात. इंग्रजी संदर्भ चालेल, ऐकीव नको.

त्या काळी या गटात साथीदार विजेता धरला जायचा, की फक्त मुख्य कलाकार?