‘ही इज अ रेबेल’ नक्की कुणाचं?

सारंगी८२: परवा इथे या गाण्याबद्दल एकाने लिहिलं, “लेबलवर क्रिस्टल्सचं नाव आहे, विषय संपला. गाणारी भाड्याची होती.” भाड्याची? १९६२ साली क्रिस्टल्स हा मुलींचा गट न्यूयॉर्ककडे, त्यांचा निर्माता फिल स्पेक्टर लॉस एंजेलिसला. दुसरी कंपनी तेच गाणं काढतेय कळल्यावर त्याला धीर धरवेना. त्याने ब्लॉसम्स या दुसऱ्या गटाला तिथल्या गोल्ड स्टार स्टुडिओत बोलावलं, त्यांची मुख्य गायिका डार्लीन लव्ह गायली आणि छापलं ‘क्रिस्टल्स’. नोव्हेंबरात गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं! चर्चमध्ये तयार झालेला तो भरदार आवाज पहिल्या ओळीपासून ऐका, मग बोला.

रोखठोक: तो मीच. ठरलेले पैसे तिने घेतले, नाव लागणार नाही हेही तिला माहीत होतं. मग रडगाणं कसलं? अन्याय क्रिस्टल्सवर झाला. न गायलेलं गाणं त्यांना स्टेजवर म्हणावं लागलं. त्यांच्या मुख्य गायिकेला, बार्बरा ऑल्स्टनला, तो आवाज जमेना, म्हणून गटातल्याच ला ला ब्रुक्सला पुढे केलं. पोर पंधरा वर्षांची!

तानपुरा: आपल्याकडे वेगळं काय होतं? १९४९च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या रेकॉर्डवर ‘कामिनी’, म्हणजे पात्राचं नाव. लताबाईंचं नाव लोकांनी रेडिओला विचारून काढलं.

रोखठोक: तो सिनेमा होता. उगाच लताबाईंना मध्ये आणू नका.

तानपुरा: का नको? माझ्या मावशीने भक्तिगीतांची अख्खी कॅसेट गायली. कव्हरवर दुसरीच बाई, हिच्या हातात पाकीट. जत्रेत स्पीकरवर स्वतःचा आवाज लागला की मावशी तिथून निघून जायची. तिलाही ‘भाड्याची’ म्हणणार?

रोखठोक: तुमच्या मावशीला मी काही म्हटलेलं नाही. शब्द तोंडात कोंबू नका.

गवळण: कॅसेटवाल्यांचा धंदाच तो. आमच्या गावच्या भजनी मंडळाला तर पाकीटही मिळालं नाही.

सारंगी८२: गाण्यावर या. रोखठोक, पुढचं ‘ही’ज शुअर द बॉय आय लव्ह’ तिच्या नावाने काढायचं कबूल केलं होतं. तेही ‘क्रिस्टल्स’ म्हणूनच आलं. आता तिला काय माहीत होतं?

रोखठोक: त्या दुसऱ्या गाण्यापुरतं मान्य. ‘रेबेल’बद्दल एक अक्षर मागे घेत नाही.

तानपुरा: आधी ‘भाड्याची’ मागे घ्या.